साहेबाचा पसा

तामसीच्या मिरची संघात नवा माणूस आला की लोक त्याला आधी चंपत मापाड्याचे हात दाखवायचे. काटा नंतर, गोदाम नंतर, आधी हात. फावड्याची पाती काढून मनगटाला बसवल्यासारखे हात होते त्याचे. वय शेहेचाळीस, डोक्यावर तेलकट टोपी, आणि तोंडावर कायम असं हसू की समोरच्यानं आधी आपला खिसा चाचपावा आणि मग कासोटा. याच माणसानं एकदा भर दुपारी डाराडूर झोपलेल्या चौकीदाराला खाटेसकट काट्यावर चढवला होता आणि त्याच्या छातीवर पावती चिकटवली होती : ‘माल एक नंबर, ओलावा जास्त.’

हातांचं कौतुक मात्र उगीच नव्हतं. संघात पशाचा दस्तूर होता. दस्तूर निजामाच्या काळातला, म्हणजे कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडलेला नाही. वाळल्या मिरचीचं पोतं काट्यावरून उतरलं की तोंड शिवायच्या आधी ते वाहणाऱ्या हमालानं एक पसा घ्यायचा आणि तोलणाऱ्या मापाड्यानं एक. पसा म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ, भरून येईल तेवढी. पण उभ्यानं घ्यायची, उघड्या हातानं घ्यायची, आपल्याच हातानं घ्यायची आणि एकदाच. घेता घेता जे खाली सांडलं त्याच्यावर घेणाऱ्याचा हक्क संपला. ते झाडणारीचं. त्याला म्हणायचे सांडण.

झाडणारी होती गयाबाई. साठीला टेकलेली, हाडापेरानं चिमणी, पण झाडू हातात आला की तिच्यापुढून बैलसुद्धा बाजूला व्हायचा. संघ तिला महिन्याला नव्वद रुपये द्यायचा, तो पगार नुसता नावाचा. खरं पोट सांडणीवर. सांडलेली मिरची ती निवडायची, देठ काढायची, उखळात कुटायची आणि आठवड्याच्या बाजाराला बसनं आदिलाबादला नेऊन विकायची. गयाबाईचं तिखट म्हणजे अर्धा चमचा घालायचा आणि घरच्यांना घाम पुसायला फडकं द्यायचं.

चंपतला ती जवळची. त्याची माय आणि गयाबाई एकाच जात्यावर दळायच्या, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा आणि ती त्याला काय वाटेल ते.

तर हे सगळं गाडं नीट चाललं होतं, तोवर अठ्ठ्याऐंशी सालची संक्रांत आली आणि मॅनेजर सुधाकरराव साहेबानं संघाच्या भिंतीवर नोटीस लावली.

साहेब आदिलाबादचा, नोकरदारांच्या घरातला. बाप तहसिलीत, काका पोस्टात, आणि स्वतः हैदराबादेतून सहकाराचा डिप्लोमा घेऊन आलेला. खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा इथले अडते ठरवतील तो भाव असायचा. यानं नागपूरचे व्यापारी थेट तामसीच्या यार्डात आणून उभे केले आणि किलोमागं दोन रुपये वाढवून दाखवले. पण दोन रुपये वाढले तशी साहेबाची मानही वर चढत गेली. आधी फिरती खुर्ची आली. मग दारावर पाटी आली, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’ मग पाटीवरचं ‘मॅनेजर’ पुसून ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ झालं, आणि पेंटरनं अक्षरं एवढी मोठी काढली की ‘डायरेक्टर’मधला शेवटचा ‘र’ चौकटीवर गेला.

गयाबाईनं झाडू खाली ठेवला आणि चंपतला हाक मारली.

“चंपत, ये इकडं. त्या भिताडावर काय लिवलं हाये रे? साऱ्यायची तोंडं उतरून राह्यली.”

चंपतनं नोटीस वाचली आणि पहिल्यांदाच त्याचं हसू जरा ढिलं झालं.

“दोन गोष्टी हायेत, मावशी. येत्या रविवारी जनरल बॉडी. पह्यली गोष्ट, साहेबाचा पगार अकराशेचा तीन हजार करायचा.”

“करू दे बापा. त्याचं नशीब. दुसरी?”

“दुसरी...” चंपतनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “या सीझनपासून खाली ताडपत्री हातरायची. सांडण संघाच्या मालकीची. ईकून जो पैसा येईन तो दफ्तराच्या खर्चाले.”

 गयाबाईनं झाडू उचलून त्याची शेंडी घट्ट बांधली.

“म्हंजे माह्या पोटातलं काहाडून त्याच्या खुर्चीले तेल घालाचं.”

“तसंच काई.”

“मंग मी मुधोळले जातो भावाकडं. तिसरा रस्ता नाई.”

चंपतला मुधोळची ती भावजय ठाऊक होती. तिचं तोंड गयाबाईच्या तिखटाहून तिखट. तिच्या दारात जाऊन पडायचं म्हणजे रोज दोन वेळा जेवण आणि चार वेळा जेवणाचा हिशोब ऐकायचा.

“मावशी, तू कुठंई जात नाई,” चंपत म्हणाला. “रविवार येऊ दे.”

“तू काय करतं? साहेबालेबी काट्यावर चढवतं का?”

चंपत हसला. यावेळी पूर्ण.

रविवारी यार्डात सतरंज्या पडल्या. शे-दीडशे सभासद आले. प्रेसिडेंट उत्तमराव मधोमध बसले. उत्तमराव म्हणजे असा भला माणूस, की घरात मांजरानं दूध प्यालं तरी मांजराला विचारून भांडं उचलेल. शेजारी साहेब, पांढरा सफारी, खिशात दोन पेनं आणि एक छोटं कॅल्क्युलेटर. ठराव लिहायला हेमचंद्र गुरुजी. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, चार एकर मिरचीचे धनी, आणि गावात भांडण नसेल तर त्यांना जेवण जात नसे.

साहेबाच्या पगाराचा विषय निघाला तसा गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

“माझा विरोध आहे. झाडणारीला नव्वद आणि साहेबाला तीन हजार, म्हणजे तेहतीस पट! साहेब काय तेहतीस वेळा जेवतात? मी म्हणतो कायदाच पाहिजे. खालच्याच्या सहा पटीवर वरच्यानं घेऊ नये.”

“गुरुजी, कोणत्या सेक्शनमध्ये लिहिलंय हे?” साहेब शांतपणे म्हणाला.

“मोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरांना सरकारनं हद्द घातलीच आहे की.”

“ती कंपनीला. आपली सोसायटी आहे. सोसायटीला असा कायदा नाही, आणि नसावाच.” साहेब उठून उभा राहिला. “मी साधं विचारतो. दोन वर्षांपूर्वी भाव काय होता? आज काय आहे? प्रत्येकाच्या घरात पैसा जास्त आला की नाही? ज्यानं तो आणला त्याला बांधून ठेवायचं, हा कुठला न्याय? चांगला बैल पाहिजे तर बाजारात पैसे मोजता ना? मला मंचेरियलहून बोलावणं आहे. तिथे साडेतीन हजार देतात. तुम्ही हद्द घाला, मी निघतो. मग बोलवा पुन्हा अडत्यांना.”

 यातलं खोटं काहीच नव्हतं. नागपूरचे व्यापारी साहेबाच्या शब्दावर यायचे. तो गेला तर ते दोन रुपयेही त्याच्या मागं बसमध्ये बसून जाणार. उत्तमरावांनी रुमालानं मान पुसली, मग दुसऱ्या बाजूनं पुसली. गयाबाई मागं खांबाला टेकून उभी होती, तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

तेवढ्यात चंपत उठला.

“प्रेसिडेंटसाहेब, म्या बोलू काय?”

“बोल न,” उत्तमरावांना कोणीही बोललेलं चालणार होतं.

“माहं म्हनणं हाये का साहेब बरोबर बोलून राह्यले. इतला मोठा मानूस, त्याले तीन हजार? मले तर शरम वाटून राह्यली. नगद पगार म्हंजे नोकराचं काम. साहेब काय नोकर हायेत? साहेब तं मानकरी! त्यायले पसा द्या.”

“पसा?” उत्तमराव.

“हव. हमालाले पसा, मापाड्याले पसा, आन् ज्याच्यानं भाव वाढला त्याले नाई? हा कुठला इन्साफ? संघात जे पोतं येईन त्याच्यातनं साहेबाचा एक पसा. पगार बंद. जितला धंदा वाढवतीन तितले पसे वाढतीन. घ्या मनसोक्त, हद्दच नाई!”

लोकांत खसखस पिकली. साहेबानं भुवई वर केली. “आणि एका पशात येतं किती?”

“हातच्या काकनाले आरसा कायले?” चंपत उठून मिरचीच्या पोत्याशी गेला. दोन्ही फावडी आत घातली, कोपरं बाहेर काढून वर उचलली, आणि तो लाल डोंगर एक मिरचीही खाली न पाडता काट्याच्या पारड्यात रिता केला. “बघा. दीडशे ग्राम.”

साहेबानं कॅल्क्युलेटर काढलं. गेल्या सीझनला पोती आली वीस हजार. वीस हजार गुणिले दीडशे ग्रॅम, तीन हजार किलो. किलोला पंधरा रुपये. पंचेचाळीस हजार! आणि तो मागत होता महिना तीन, म्हणजे सालाचे छत्तीस. साहेबाचा चेहरा अगदी तसाच राहिला, पण कान लाल झाले. चंपतचं लक्ष कानाकडंच होतं.

“सभासदांची इच्छा असेल तर,” साहेब हळू म्हणाला, “मी अडून बसणार नाही.”

“चंपत!” गुरुजी ओरडले. “विकला गेलास का रे तू?”

मागं खांबापाशी गयाबाईनं पदर तोंडाला लावला, वळली आणि यार्डाबाहेर चालू लागली. चंपतनं तिला जाताना पाहिलं. तिला हाक मारावी असं त्याला फार वाटलं, पण हाक मारली असती तर मासा गळावरून सुटला असता.

“गुर्जी, तुमी नुसतं लिवा,” तो म्हणाला. “साहेबाले आजपासून पगाराऐवजी पसा, दस्तूराप्रमाने. ‘दस्तूराप्रमाने’ लिवलं का? सारा दस्तूर. नाईतर उद्या कोनी म्हनीन साहेबानं आपल्या मनानं नवा कायदा काहाडला.”

“लिहा, लिहा,” साहेबाला घाई झाली होती. “दस्तुराप्रमाणेच. संपूर्ण दस्तूर लागू.”

गुरुजी लिहू लागले. ‘दस्तुराप्रमाणे’ या शब्दावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून साहेबाचे हात पाहिले. गोरे, मऊ, करंगळीत पुष्कराजची अंगठी. मग त्यांनी चंपतकडं पाहिलं. मग खाली बघून, शाळेत फळ्यावर लिहायचे तसं वळणदार अक्षर काढून, ठराव पूर्ण केला आणि पहिल्यांदा स्वतःच ठणकावून म्हणाले, “मंजूर!”

साहेबानं सही केली. ठरावाची एक प्रत सहकाराच्या दफ्तरात गेली.

चंपत तसाच गयाबाईच्या घरी गेला. तिनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “जाय रे. साहेबाचे पाय दाब.”

“मावशी, गाठोडं बांधत असशीन तं सोड. सांडण वाचली.”

“कशी वाचली? ताडपत्रीचं काय?”

“साहेबानं सही करून साऱ्या दस्तूरापुढं मान तुकवली. मंग सांडण कोनाची?”

 कडी निघाली. “आन् त्याचे पंचेचाळीस हजार?”

“ते थो आपल्या हातानं घेईन न,” चंपत म्हणाला. “तू फक्त झाडू घेऊन साहेबाच्या मागं मागं राय.”

फेब्रुवारीत सीझन सुरू झाला. पहिल्या दिवशी साहेब नऊ वाजता आला, संगं कारकून आणि दोन मोठी रिकामी पोती. यार्डात दोनशे पोत्यांची थप्पी. आज सगळा गाव कामाला होता. ज्याचं काम नव्हतं तो तर आधी आला होता.

पहिलं पोतं उतरलं. कारकून पुढं झाला, तसा चंपतनं हात आडवा केला.

“तुमी नाई भाऊ. ज्याचा पसा त्याचा हात. दस्तूर हाये.”

साहेबानं हसून खिशातून पांढरे हातमोजे काढले.

“मोजेबी नाई साहेब. उघड्या हातानं.”

“हे कुठे लिहिलंय?”

“लिवलेलं नसते, म्हणून तं दस्तूर म्हंतेत. तुमच्याच सहीचा ठराव हाये न, सारा दस्तूर.”

गुरुजी एका पोत्यावर बसून हे बघत होते. त्यांनी घरून शेंगदाणे आणले होते.

साहेबानं मोजे काढले, अंगठी काढून कारकुनाकडं दिली आणि हात पोत्यात घातले. ओंजळ वर काढली. मऊ बोटं, त्यांत फटी. चुरचुरीत मिरच्या दोन्हीकडून घसरल्या, खाली टपटप पडल्या. पोत्यापर्यंत पोचली ती पाच-सहा तोळे. मागून गयाबाईचा झाडू आला, सर्रर्र, आणि पडलेलं तिच्या सुपात गेलं.

“ये बाई, ते माझं आहे.”

“सांडलं ते झाडनारीचं,” गयाबाई म्हणाली. “दस्तूर हाये, सायेब.”

दहा पोत्यांपर्यंत साहेब ताठ होता. विसाव्याला तो हात झटकू लागला. तिसाव्याला शिंका सुरू झाल्या, आणि शिंकताना ओंजळ कशी धरून राहील? प्रत्येक शिंकेला सूप भरत होतं. पस्तिसाव्याला साहेबानं कपाळाचा घाम पुसला आणि पुसता पुसता बोट डोळ्याला लागलं.

त्यानंतर जे झालं ते सांगायला चंपतला पुढं कित्येक वर्षं उभं राहून दोन्ही पायांवर नाचून दाखवावं लागायचं. साहेब आधी जागेवर फिरला. मग उडी मारली. मग “पाणी, पाणी” करत हौदाकडं पळाला, आणि पळताना कोणाला काही कळू नये म्हणून खांद्यावरून म्हणत होता, “काही नाही, काही नाही, चालू द्या.”

“अय्यो सारू,” एक तेलुगू हमाल कळवळून म्हणाला, “डोळा चोळू नका, वाढते.”

डोळा धुऊन साहेब परत आला. माणूस हट्टी, मानलं पाहिजे. साठ पोती केली त्यानं त्या दिवशी. पण साठाव्या पोत्यानंतर तो यार्डामागच्या मुतारीकडं गेला, आणि जाण्याआधी हात धुवायचे असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आतून जो आवाज आला त्यानं थप्पीवरची कबुतरं उडाली. गुरुजींच्या हातातले शेंगदाणे सांडले. तेही गयाबाईनं झाडून घेतले, दस्तूर म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबाची बोटं केळीच्या घडासारखी सुजली होती. चाळीस पोती. तिसऱ्या दिवशी त्याला पेन धरता येईना. नागपूरच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं त्याला उत्तर कारकुनानं लिहिलं आणि सहीच्या जागी साहेबानं असा काही सापसरडा काढला की बघवत नव्हता. तिन्ही दिवसांची कमाई एका पिशवीत मावत होती. गयाबाईकडं मात्र तीन सुपं, दोन टोपल्या आणि एक उसनं आणलेलं घमेलं भरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब थप्पीच्या सावलीत हात वर धरून बसला होता, शरण आल्यासारखा. गयाबाई त्याच्यापुढं येऊन बसली. तिनं गाडग्यातलं ताक पुढं केलं.

“हात बुडवा याच्यात. मंग तेल लावून देतो.”

साहेबानं हात बुडवले आणि डोळे मिटले. “तुम्हा लोकांना काहीच कसं होत नाही?”

“आमी सकाळीच जवसाचं तेल चोपडून येतो, कोपरापरेंत. त्यानं आर्धं वाचते. आर्धं सवयीनं.”

“आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं कुठं? आन् आमी सांगाले आलो असतो तं दारावर पाटी हाये, परवानगीशिवाय येऊ नये.”

 साहेब ताकात बोटं हलवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “किती वर्षं तुम्ही हे असं करता?”

“चौतीस.”

त्या संध्याकाळी साहेब उत्तमरावांच्या घरी गेला, आणि उत्तमरावांनी सभा बोलावली. यार्डात परत सतरंज्या पडल्या. साहेब दोन्ही हातांना फडकी बांधून बसला होता, कुस्तीत हरलेल्या पहिलवानासारखा.

“मला पसा नको,” तो म्हणाला. “पगारच द्या.”

“देऊ न,” गुरुजी म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. “पण आता हद्द घालून. खालच्याच्या सहा पट. तुम्हीच म्हणाला होता, सोसायटीला कायदा नाही. मग आपण आपला करू. कबूल नसेल तर दस्तूर आहेच. उद्या दोनशे वीस पोती येणार आहेत.”

‘दोनशे वीस’ ऐकून साहेबाचे हात आपोआप पाठीमागं गेले.

“पण सहा पट म्हणजे... नव्वदचे सहा पट... पाचशे चाळीस! अकराशे तर आत्ताच घेतो मी!”

“मंग कायले मंचेरियलले जात नाई, साहेब?” चंपतनं अगदी गोड आवाजात विचारलं.

“असे हात घेऊन?” साहेब म्हणाला. “तिथे सही करायला लागते.” आणि सभा एवढी हसली की तोही थोडा हसला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी फिरलं. कॅल्क्युलेटर खिशातून काढता येईना, तर त्यानं तोंडीच हिशोब केला. आणि तो उठून उभा राहिला.

“सभासद हो, मला एका अन्यायाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. गयाबाईंना चौतीस वर्षांनंतर नव्वद रुपये? नव्वद? यार्ड स्वच्छ आहे म्हणून मालात माती नाही. मालात माती नाही म्हणून नागपूरवाले भाव देतात. मी म्हणतो, गयाबाईंना पाचशे द्या!”

“पाचशे? झाडू माराले?” एक म्हातारा सभासद ओरडला.

“झाडू नव्हे, क्वालिटी कंट्रोल!” साहेब कळवळून म्हणाला.

चंपतनं टोपीत तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते. साहेब पाऊण तास गयाबाईसाठी भांडला. त्यानं तिचं वय सांगितलं, तिच्या कमरेचं दुखणं सांगितलं, तिखटाची चवसुद्धा सांगितली. पाचशेचे साडेतीनशे झाले, त्यावरून कोणी अडीचशे म्हणालं, साहेबानं सुजलेला हात आपटला आणि स्वतःच ओरडला. शेवटी तीनशेवर तुटलं. गयाबाईला तीनशे, साहेबाला अठराशे. उद्या साहेबाला शंभर रुपये वाढवून पाहिजे असतील तर आधी गयाबाईसाठी भांडायचं. आणि सांडण झाडणारीची, हेही पहिल्यांदा कागदावर आलं.

चंपत उठला, टोपी झटकली, आणि लग्न लावून दिलेल्या मामासारखा लोकांकडं बघत हसला. “चला, झालं न? च्या सांगा कोनी.”

“थांब,” मागून आवाज आला. “माहं बाकी हाये.”

गयाबाई खांबापासून पुढं आली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. सगळे वळून बसले.

“साहेबाले हद्द घातली, चांगलं झालं. पन गुर्जी, हद्द घालाची तं साऱ्यायलेच घाला. या चंपतचे हात पाहा. एका पोत्यातनं दीडशे ग्राम. हमालायचा पसा शंभराचाबी होत नाई, आन् पोतं तं ते वाहातेत! याचे हात मोठे म्हणून याले जास्त? साहेबाची खुर्ची मोठी म्हणून त्याले जास्त, तसंच झालं न हे?”

“मावशी!” चंपत म्हणाला.

“मावशीगिशी नाई. लिवा गुर्जी. आजपासून हात बंद. संघाचं लाकडी मापटं हाये, त्यानं घ्याचं. हमालाले एक, मापाड्याले एक. सारखं.”

 हमालांच्या बाजूनं असा काही गलका उठला की तामसीच्या बसमध्ये चढणारे लोक खाली उतरून बघायला आले. सर्वात जोरात टाळ्या साहेब वाजवत होता. फडकी बांधलेल्या हातांनी, दर टाळीला “आई गं” म्हणत.

गुरुजींनी चंपतकडं पाहिलं. “काय रे? मंजूर?”

चंपतनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. शेहेचाळीस वर्षांची कमाई. मग तो हसला. दुसरं काय करणार, खोडी चांगली जमली होती, आणि चांगली जमलेली खोडी फिरून मालकाच्या अंगणात येतेच. “मंजूर,” तो म्हणाला. “पन मापटं शीग लावून घेईन.”

दुसऱ्या दिवशी पहिलं पोतं उतरलं. चंपतनं लाकडी मापटं आत घातलं आणि वर मिरच्यांची अशी शीग चढवली की देवळाचा कळस. डोळा न हलवता, श्वास धरून, त्यानं ते वर काढलं.

गयाबाई झाडू घेऊन बाजूलाच उभी होती. तिनं तळहात सरळ केला आणि मापट्याच्या तोंडावरून एकदा फिरवला. कळस खाली पडला.

“सांडलं,” ती म्हणाली आणि झाडू लागली.